पानिपतची पत्रं पडद्यावर: प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, ८ जून २०२४

अखेर सुरुवात केली. वर्षभर नुसत्या गप्पा चालल्या होत्या.

काम थोडक्यात असं. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यातली १७६० ची, म्हणजे पानिपतच्या मोहिमेतली पत्रं घ्यायची आणि ती नकाशावर आणि काळपट्टीवर अशी मांडायची की वाचणाऱ्याला बोटाने काळ सरकवता यावा. जूनमध्ये कोण कुणाला लिहीत होतं? ऑगस्टमध्ये? रेघेवर टिचकी मारली की पत्राचा मजकूर समोर यावा. पहिल्या टप्प्यात १२० पत्रं. जमलं तर पेशवे दप्तराचा दुसरा खंड, तो पानिपतच्या पत्रांचाच आहे. सरदेसाईंनी संपादित केलेले पंचेचाळीसच्या पंचेचाळीस खंड घेण्याचा मोह आत्ताच आवरते.

हे माझं पोटापाण्याचं काम नव्हे. पोटापाण्यासाठी मी बँकांच्या ॲपचे पडदे रचते. मोडीच्या वर्गाला मात्र दोन वर्षं जाते आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, “तुला संगणक येतो आणि तुला ‘छ’ म्हणजे काय ते माहीत आहे. अशी माणसं फार नाहीत.” एवढ्या भांडवलावर निघाले आहे.

रविवार, १६ जून

आठवडा पानं स्कॅन करून ओळखण्यात गेला. छापील बाळबोध असल्यामुळे टेसरॅक्ट, म्हणजे छापील अक्षरं ओळखणारी संगणक-प्रणाली, निम्मंअधिक बरोबर वाचतो, पण जिथे चुकतो तिथे वेचून चुकतो. ‘छ’ चा ‘ळ’ करतो. दोन दंडांचे अकरा करतो.

या दुसऱ्या चुकीने तीन संध्याकाळी खाल्ल्या. पत्राच्या माथ्यावर ‘पै॥’ असं असतं. पै॥ म्हणजे पैवस्ती, पत्र हाती पडल्याची नोंद. ती पत्र घेणाऱ्याच्या कारकुनाने केलेली. यंत्राने तिचं ‘पै ११’ केलं आणि माझ्या तक्त्यात ढीगभर पत्रं निरनिराळ्या महिन्यांच्या अकरा तारखेलाच पोचायला लागली. मला आधी वाटलं, अकराला काही विशेष असेल! एकादशी वगैरे. माणूस अर्थ शोधायला किती उतावळा असतो पाहा.

चूक निस्तरली, पण तिच्यामुळे एक गोष्ट नीट डोळ्यांत भरली. इथे पत्राला दोन तारखा आहेत, निघाल्याची आणि पोचल्याची. दोन्ही सगळ्यांना नाहीत, पण ज्यांना आहेत ती पत्रं सोन्यासारखी. दोन्हींसाठी वेगवेगळे रकाने केले.

शनिवार, २२ जून

आज भाऊसाहेबांनी जून १७६१ मध्ये पत्र लिहिलं.

काळपट्टी पहिल्यांदाच चालवली होती. १४ जानेवारी १७६१ गेली, लढाई संपली, आणि मे-जूनच्या सुमाराला पडद्यावर पुन्हा एकदम गर्दी. सदाशिव चिमणाजी, म्हणजे भाऊसाहेबच, लिहिताहेत, पैसा मागताहेत, नावा जमवायला सांगताहेत. पानिपतनंतर भाऊ असल्याची बतावणी करणारा तोतया उभा राहिला होता, त्याला १७७६ मध्ये मारलं. त्याच्या हाती माझं हे साधन असतं तर त्याने पुरावा म्हणून दाखवलं असतं.

चूक माझीच. पत्रात तारीख येते ती ‘छ २४ सवाल’ अशी. छ म्हणजे चंद्र, महिना हिजरी. वर्ष लिहिलेलं असलं तर ते सुहूर सनाचं आणि तेही अरबी अक्षरी संख्येत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. यात ५९९ मिळवले की १७६०, आणि जानेवारीपासूनच्या तारखांना ६००. इथवर ठीक होतं. पण सुहूर सन मृगाला सुरू होतो, सौर आहे. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचं, ते आपल्या वेळी सुरू होतं. मी आळशीपणाने ‘सुहूर ११६१ म्हणजे हिजरी ११७४’ असं एका ओळीत लिहून मोकळी झाले होते. हिजरी ११७४ चा मोहरम लागला तो १७६० च्या ऑगस्टच्या मध्याला. त्याच्या आधीचे सवाल, जिल्काद, जिल्हेज हे ११७३ चे. मोहिमेचा सगळा पावसाळा मी एका ओळीत पुढच्या वर्षी ढकलला होता.

दुरुस्ती करताना खरी गंमत कळली. सौर वर्ष चांद्र वर्षापेक्षा अकरा दिवसांनी मोठं, म्हणून त्या एकाच सुहूर सनात सवालचे शेवटचे दहाएक दिवस दोनदा येतात, एकदा जून १७६० मध्ये आणि एकदा १७६१ च्या मेअखेरीस. त्या दिवसांतल्या पत्राची तारीख नुसत्या गणिताने सुटत नाही, मजकूर वाचावाच लागतो. भाऊसाहेबांच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे, दुर्दैवाने. इतरांच्या बाबतीत यंत्राला उत्तर द्यायची मनाई केली आहे. अशा पत्रांना ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने, आणि पडद्यावर ठिपक्याऐवजी फिकट पट्टी.

ज्या पत्रांत सनच नाही, नुसती छ आणि महिना आहे, त्यांना राजवाड्यांनी अंदाजाने दिलेला शक घेतला आहे, पण ‘संपादकाचा’ अशी खूण करून.

रविवार, ३० जून

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, म्हणून दिवसभर घरी बसून स्थळांचं काम.

गावांच्या नावांवरून अक्षांश-रेखांश शोधणारी एक तयार सेवा वापरली. भेलसं तिला सापडेना, कारण आता ते विदिशा. भागानगर सापडेना, ते हैदराबाद. हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते ‘लष्कर’. पत्रात ‘मुक्काम लष्कर’ असलं की सेवेने ते बेधडक ग्वाल्हेरच्या लष्करात नेऊन ठेवलं. ते लष्कर दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलेलं नाव, पानिपतनंतर पन्नासएक वर्षांनी. दोन पत्रं तर पुण्याच्या कॅम्पात, महात्मा गांधी रस्त्याच्या आसपास. १७६० सालची फौज आणि मागे केकची दुकानं.

खाली रस्त्यावरून एक दिंडी चालली होती. वारीचं बरं असतं. कोणत्या तिथीला कुठे मुक्काम ते छापून मिळतं. भाऊसाहेबांच्या फौजेचे मुक्काम मलाच लावायचे आहेत. पक्के खुंटे हे: मार्चमध्ये पडतूरहून कूच, जूनमध्ये चंबळपार, मग गंभीर नदीला पूर म्हणून अडकून पडणं, जुलैत आग्रा, ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा, आणि त्यानंतर पानिपत. ‘लष्कर’ची जागा या खुंट्यांच्या मधली, तारखेप्रमाणे सरकणारी. म्हणजे ठिकाणाला तारीख लागली आणि तारीख मागच्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे. एकातली चूक दुसऱ्यात झिरपते.

नकाशाचा आधुनिक थर काढून टाकला. धरणांचे जलाशय आणि द्रुतगती मार्ग दिसत होते. फक्त नद्या ठेवल्या. या मोहिमेत नद्यांनी जेवढी अडवणूक केली तेवढी गावांनी केली नाही.

मंगळवार, ९ जुलै

नावांचा घोळ. एकाच माणसाची चार रूपं एकत्र करायला साधर्म्य मोजणारं एक छोटं सूत्र लिहिलं होतं. त्याने बापलेक एक केले.

बुंदेलखंडातले गोविंदपंत पत्रात ‘गोविंद बल्लाळ’. त्यांचा मुलगा ‘बाळाजी गोविंद’. बल्लाळ आणि बाळाजी एकच हे मीच सूत्राला शिकवलं होतं, कारण ते खरंच आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, बापाचं नाव मागे लावायचं, या आपल्या रीतीने सूत्राला दोन्हीकडे तेच दोन शब्द दिसले, फक्त उलटे. त्याने विचार केला, आडनाव आधी लिहिलं असेल. साहेबाच्या देशात बनवलेल्या नमुन्यांत हे खपून जातं.

आता नावं हाताने जोडते आहे. १२० पत्रांसाठी हाताने करणं परवडतं, हे कबूल करायला लाज कसली.

शनिवार, १३ जुलै

वर्गात बाईंना पहिलं रूप दाखवलं. लॅपटॉपवर माणसांचं जाळं: वर्तुळं, मधे रेघा, जितकी जास्त पत्रं तितकं मोठं वर्तुळ. मी गेफी या जाळी काढणाऱ्या साधनात केलं होतं आणि मांजरीने लोकरीचा गुंडा सोडल्यासारखं दिसत होतं, पण रंग छान होते.

बाईंनी चष्मा वर केला. “हे सगळ्यात मोठं कोण?”

“गोविंदपंत.”

“पेशव्यांपेक्षा मोठे?”

“त्यांना आलेली पत्रं जास्त आहेत ना.”

“आलेली जास्त नाहीत गं. राहिलेली जास्त आहेत.”

मी गप्प. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण वर्तुळ काढताना डोक्यात आलं नव्हतं. पत्र ज्याला जातं त्याच्या घरी राहतं. ज्याचं दप्तर वाळवीतून, आगीतून, रद्दीतून वाचलं तो जाळ्यात मोठा. गोविंदपंतांकडे गेलेली भाऊसाहेबांची पत्रं ढिगाने आहेत, पैसा पाठवा, रसद पाठवा, यमुनेवर नावा जमवा अशी. पंतांच्या उत्तरांची त्या मानाने वानवा. त्यामुळे माझ्या चित्रात एक मनुष्य सारखा ओरडतो आहे आणि दुसरा ढिम्म बसला आहे. चित्र बघून कुणीही पंतांना दोष देऊन मोकळा होईल. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या माणसांकडून ते आंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, मारले गेले, हे वर्तुळ सांगत नाही.

स्टॅनफर्डच्या मंडळींनी युरोपातल्या विद्वानांच्या पत्रव्यवहाराचे असे नकाशे केले, व्हॉल्तेअरचे, फ्रँकलिनचे. त्यातूनच पॅलाडिओ हे साधन निघालं. मी सुरुवात त्याच्यावरच केली होती. तिथली मंडळी आपापल्या शहरात घर करून राहिलेली, त्यांचे पत्ते ठरलेले. आमच्याकडे लिहिणारा तंबूत.

बाईंचा दुसरा आक्षेप जास्त लागला. “मायना कुठे गेला?”

प्रत्येक पत्राचा पहिला भाग सारखाच येतो म्हणून मी तो कापून टाकला होता. राजश्री अमुक गोसावी यांसि, सेवक तमुक नमस्कार विनंति उपरी येथील कुशल जाणोन... यंत्राच्या दृष्टीने कचरा.

“अगं, त्यातच तर नातं आहे. आशीर्वाद कोण देतो, नमस्कार कोण घालतो, दंडवत कोणाचा. शेवटी ‘हे विनंति’ आहे की ‘जाणिजे’ आहे. तू नातं काढून टाकलंस आणि वर नात्यांचं जाळं काढलंस!”

वर्गात सगळे हसले. मीही.

रविवार, २१ जुलै

मायने परत आणले. आता रेघेचा रंग मायन्यावरून ठरतो: वरून खाली जाणारं पत्र, खालून वर जाणारं, बरोबरीचं. वर्तुळांचे आकार काढून टाकले, सगळी सारखी. पंत लहान झाले आणि चित्र एकदम शांत दिसायला लागलं. कुणाचं दप्तर वाचलं हे दाखवायला वर्तुळाभोवती कडं: भरीव कडं म्हणजे आलेली पत्रं हाताशी आहेत, तुटक म्हणजे नाहीत. बाईंना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: “बरं.” ही मोठी शाबासकी आहे.

रविवार, ४ ऑगस्ट

नकाशावर अडले आहे. दिल्लीहून दक्षिणेत पत्र गेलं की नकाशावर एक सुंदर कमान उठते आणि क्षणात खाली पोचते. विमानासारखी. प्रत्यक्षात एक जासूद जोडी, दोन माणसं, पायी, भर पावसात. कमान पाहून वाटतं, बातमी गेली. ती अजून वाटेत आहे हे दिसत नाही.

कमानीचा वेग कमी करून पाहिला. सहा वेगवेगळे वेग. सगळे खोटे वाटतात, कारण वाटेतलं मला काहीच माहीत नाही, फक्त दोन टोकं.

गुरुवार, १५ ऑगस्ट

सुटी. भुसावळहून मामा आलेत. मामा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडून बसले होते, ते मागून बघत होते.

“गाडी कधी सुटली माहीत आहे तुला?”

“हो. सगळ्यांची नाही.”

“आणि पोचली कधी?”

“काहींची.”

“मग नकाशा कशाला काढतेस? आमच्याकडे बोर्डावर नकाशा नसायचाच. चार्ट असायचा.”

त्यांनी माझ्या वहीचं पान आडवं घेतलं. खालच्या बाजूने तास. डाव्या बाजूने वरपासून खालपर्यंत स्टेशनं, मधल्या अंतराच्या प्रमाणात. गाडी म्हणजे तिरपी रेघ. रेघ उभट तर गाडी वेगात, निजलेली तर रखडत चाललेली, एकदम आडवी म्हणजे उभी आहे. जिथे दोन रेघा एकमेकींना कापतात तिथे क्रॉसिंग. आठ तास हातात पेन्सिल आणि कानाला फोन, स्टेशनमास्तर वेळ सांगेल तसतशी रेघ पुढे.

मी तासांच्या जागी तिथ्या घातल्या आणि स्टेशनांच्या जागी वाट: पुणे, बऱ्हाणपूर, भेलसं, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, पानिपत. भाऊसाहेबांची फौज स्वतःच एक रेघ झाली, मार्चपासून वर चढत जाणारी, गंभीर नदीपाशी आडवी पडणारी. तिच्यातून खाली सुटणाऱ्या बारीक तिरप्या रेघा म्हणजे पत्रं. खालच्या बाजूला मी पुण्याची सरळ रेघ ओढायला गेले आणि हात थांबला. नानासाहेब तरी कुठे एका जागी होते? डिसेंबरअखेर पैठणला त्यांचं लग्न, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ते भेलशाला. म्हणजे खालची रेघही चढती. पत्र एका चालत्या तंबूतून दुसऱ्या चालत्या तंबूकडे.

मामांना विचारलं, ज्याची पोचल्याची वेळच माहीत नाही त्या गाडीचं काय करायचं?

“शेवटच्या स्टेशनाने सांगितलं तिथवर पेन्सिल न्यायची. पुढे नाही. पुढे ओढलीस आणि गाडी मधेच उभी असली तर दुसरीला लाइन देऊन बसशील.”

शनिवार, २४ ऑगस्ट

चार्ट चालू झाला. डी-थ्री या आलेख काढायच्या संगणक-साधनात नव्याने लिहिला, नकाशा बाजूला लहान करून ठेवला. चार्टवर बोट फिरवलं की नकाशावर त्या दिवशी फौज कुठे होती ते उजळतं. दोन्ही तारखा असलेलं पत्र म्हणजे पूर्ण तिरपी रेघ. फक्त निघाल्याची तारीख असेल तर छोटा कोंभ, तिथेच संपणारा. फक्त पै॥ असेल तर खालून कोंभ. १२० पैकी पूर्ण रेघा ३४ निघाल्या. मला वाटलं होतं, चित्र भकास दिसेल. उलट आता ते बघत बसावंसं वाटतं.

ऑक्टोबरच्या शेवटी अब्दाली बागपतला यमुना ओलांडून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मधे आला. चार्टवर ती जागा वेगळी दाखवायची गरज पडली नाही. नोव्हेंबरपासून माझ्या तक्त्यात वरच्या रेघेतून सुटणारे कोंभ विरळ होत जातात. वरची रेघ मात्र १४ जानेवारीपर्यंत आडवी. मामांच्या भाषेत, उभी गाडी.

त्या मोकळ्या पट्ट्यात काही लिहावं का, यावर दोन दिवस घातले. ‘दळणवळण तुटले’ अशी चौकट करून पाहिली आणि काढली. पत्र निघालंच नाही, निघालं पण पकडलं गेलं, पोचलं पण पुढे कुणी जपलं नाही: मोकळ्या जागेत तिन्ही बसतात आणि मला तिघांतलं एक निवडता येत नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट

भेलशाचा तो सावकारी निरोप चार्टवर कसा आणायचा? पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो तो: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. नावं ओळखणाऱ्या माझ्या यंत्रणेला दिला. तिने सांगितलं, व्यक्ती शून्य, स्थळ शून्य, रक्कम तीन.

मराठी पाचवीतल्या मुलालाही दोन मोती कोण ते माहीत असतं. तक्त्यात ‘व्यक्ती’च्या रकान्यात विश्वासराव आणि सदाशिवराव मी हाताने भरले आणि ‘खूण: सांकेतिक’ असा नवा पर्याय केला. एका नोंदीसाठी एक पर्याय. नोकरीत असं केलं असतं तर कुणीतरी बैठक बोलावली असती.

रविवार, ८ सप्टेंबर

गणपती बसले. मामा पुन्हा आलेत, या वेळी गुंडाळी घेऊन. जुना चार्ट, पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला. तो त्यांच्याकडे कसा राहिला हे मी विचारलं नाही.

रेघा मला कळल्या होत्या. मी पाहिलं नव्हतं ते चार्टच्या बाजूचं शेऱ्यांचं लिखाण, बारीक अक्षरात. इंजिन बिघडलं. सिग्नल नाही. गुरं रुळावर. रेघ आडवी का पडली त्याचं कारण, वेळेसकट.

“हे नसेल तर नुसत्या रेघा बघून साहेब तुलाच धरतो,” मामा म्हणाले.

चार्टखाली शेऱ्यांची पट्टी केली. नियम एकच: शेरा कुठल्या पत्रातून घेतला त्याचा क्रमांक हवा, नाहीतर नोंद जतन होत नाही. पट्टी भरायचं काम कुणी करायचं हा प्रश्नच उरला नाही. मामा खुर्ची ओढून बसले, चष्मा बदलला, राजवाड्यांचा खंड जूनच्या पत्रांपाशी उघडला आणि एका बोटाने टाइप करायला लागले. अर्ध्या तासाने पहिली नोंद पडली. नदीला पाणी. उतार नाही. फौज उभी.

पत्र क्रमांकाचा रकाना रिकामा होता, म्हणून ती जतन झाली नाही. ते पुन्हा खंडात शोधताहेत.